आधी ओसरी, मग माजघर



डब्यांवर चिठ्ठ्या लावण्यापासून बँकेचे अर्ज भरण्यापर्यंत नाना विषय या सदरात येऊन गेले. आजचा विषय जरा निराळा आहे, पण कॉम्प्युटरचं नाव ऐकून पान उलटू नका. ज्या मैत्रिणी महिला मंडळ, बचत गट, वाचनालय किंवा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय चालवतात, त्यांच्या दर महिन्याच्या डोकेदुखीवरचा हा उपाय आहे.

तक्रार तुमच्या ओळखीची असेल. गटाचा हिशेब वहीतून कॉम्प्युटरवर गेला. कुणाच्या तरी भाच्यानं हौसेनं ॲक्सेसमध्ये सगळं बसवून दिलं आणि तो नोकरीसाठी पुण्याला निघून गेला. आता फाइल उघडली की डाव्या बाजूला इंग्रजी नावांची लांबच लांब यादी, वर बटणांची रांग आणि मधे रिकामा पडदा! कुठे हात लावायचा ते एकीलाच माहीत. ती लेकीच्या बाळंतपणाला गेली की सभा पुढे ढकलायची, नाही तर "धाकटा कॉलेजातून येऊ दे, तो बघेल" म्हणत बसून राहायचं. पैसे पंधरा जणींचे आणि किल्ली मात्र भलत्याच्याच हातात!

यात बायकांच्या बुद्धीचा काही दोष नाही. दोष आहे तो त्या पहिल्या पडद्याचा. तो पडदा आपल्याला हवा तसा करून घेता येतो. त्याची सोय ॲक्सेसमध्येच आहे आणि त्यासाठी प्रोग्रॅमिंग शिकावं लागत नाही. एका दुपारचं काम आहे.

वाड्याची रचना आठवा

मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेस बाजारात आलं १९९२ साली. बचत गटांना बँकांशी जोडण्याचं नाबार्डचं कामही १९९२ सालीच सुरू झालं, हा एक गमतीदार योगायोग. ॲक्सेसची फाइल म्हणजे नोंदवह्यांचं एक कपाट समजा. त्यात मुख्यतः चार प्रकारच्या वस्तू आपल्या कामाच्या असतात. टेबल म्हणजे वही. फॉर्म म्हणजे वहीत लिहिण्यासाठी आखलेला नमुना. क्वेरी म्हणजे वहीला विचारलेला प्रश्न, जसं की या महिन्यात कुणाचा हप्ता यायचा आहे? आणि रिपोर्ट म्हणजे छापून काढायचा तक्ता.

जुन्या वाड्यात आल्यागेल्याला ओसरीवर बसवत. घरची माणसं माजघरात वावरत आणि धान्य, तूप, दागिने कोठीच्या खोलीत. भाच्यानं करून दिलेली फाइल उघडते ती थेट कोठीत! पोती, बरण्या, वजनं सगळं समोर. नवख्या बाईनं घाबरू नये तर काय करावं? तेव्हा आपल्याला करायचं आहे ते एवढंच, की या घराला एक ओसरी बांधायची. फाइल उघडली की आधी ओसरी दिसावी आणि तिथून जिथे जायचं तिथलं एकच दार उघडावं.

आधी कागद-पेन्सिल

कॉम्प्युटर लावण्यापूर्वी एक कागद घ्यावा. सभेच्या दिवशी आपण नेमकं काय काय करतो ते क्रमानं लिहावं. बहुतेक गटांत यादी अशी होते: हप्ता घेणं, कर्जाची परतफेड घेणं, कर्ज देणं, पावती छापणं, महिन्याचा तक्ता काढणं. नवी सभासद नोंदवणं वर्षातून दोनदा. पत्ता बदलणं क्वचित. जे दर महिन्याला लागतं तेवढंच ओसरीवर यावं. बाकीचं "इतर कामे" या एका दारामागे जावं. पाच-सहा बटणांपेक्षा जास्त झाली, तर एक यादी जाऊन दुसरी यादी आली इतकंच होईल.

बटणांना नावं देताना आपण सभेत बोलतो तसेच शब्द वापरावेत. "व्यवहार नोंद" यापेक्षा "हप्ता घेतला" बरं. "कर्ज वितरण" पेक्षा "कर्ज दिलं" बरं. आपल्या तोंडात असलेला शब्द पडद्यावर दिसला की निम्मी भीती तिथेच जाते.

साहित्य

ॲक्सेस असलेला विंडोजचा कॉम्प्युटर, गटाच्या फाइलीची एक नक्कल, आणि नक्कल ठेवायला पेन ड्राइव्ह. नक्कल काढल्याशिवाय पुढच्या एकाही ओळीला हात लावू नये. पापडाचं पीठ एकदम सगळं भिजवत नाही ना आपण? तसंच आहे हे. आधी नकलेवर करून पाहावं.

मराठी टायपिंगसाठी विंडोजमध्येच मराठीचा कळफलक असतो, तो चालू करून घ्यावा. अक्षरांसाठी निर्मला यूआय किंवा मंगल हा फॉन्ट घ्यावा आणि आकार चौदा-सोळा ठेवावा. चाळिशी लागलेल्या मैत्रिणींचे डोळे दुखायला नकोत.

कृती

१. वरच्या पट्टीतल्या "क्रिएट" मध्ये जाऊन "फॉर्म डिझाइन" निवडावं. कोरा पाट समोर येईल. त्यावर सर्वांत वर गटाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहावं. या फॉर्मला कोणतंही टेबल जोडू नये. ही ओसरी आहे, वही नव्हे.

२. "बटन" हे चित्र निवडून पाटावर एक चौकोन काढावा. ॲक्सेस आपण होऊन विचारतं, या बटणानं काय करायचं? "फॉर्म ऑपरेशन्स" मधलं "ओपन फॉर्म" निवडावं आणि कोणता फॉर्म ते दाखवावं. पुढे चित्र हवं की शब्द असं विचारलं जातं, तिथे शब्द निवडून मराठी नाव लिहावं. तक्त्यांसाठी "रिपोर्ट ऑपरेशन्स" आहे. असं काही विचारलं गेलंच नाही, तर "यूज कंट्रोल विझार्ड्स" बंद असेल, ते चालू करावं.

३. शेवटचं बटण "काम संपलं" असं ठेवावं. त्यासाठी "ॲप्लिकेशन" या गटात "क्विट ॲप्लिकेशन" आहे. बाहेर पडायचा रस्ता सर्वांना ठळक दिसला पाहिजे.

४. आता फॉर्मची "प्रॉपर्टी शीट" उघडावी. "रेकॉर्ड सिलेक्टर्स" आणि "नॅव्हिगेशन बटन्स" या दोन्हींपुढे "नो" करावं, म्हणजे कडेची पट्टी आणि खालचे बाण जातील. "क्लोज बटन" पुढेही "नो" करावं, नाही तर कुणीतरी फुलीवर दाबतं, ओसरी नाहीशी होते आणि "अगं, सगळं गेलं!" म्हणून गडबड उडते. फॉर्म "ओसरी" किंवा "मुखपृष्ठ" अशा नावानं जतन करावा.

५. मग "फाइल", "ऑप्शन्स", "करंट डेटाबेस" या वाटेनं जावं. तिथे "ॲप्लिकेशन टायटल" च्या चौकटीत गटाचं नाव लिहावं. ते खिडकीच्या माथ्यावर दिसतं. गटाचं बोधचिन्ह असेल तर "ॲप्लिकेशन आयकॉन" मध्ये देता येतं. त्याखाली "डिस्प्ले फॉर्म" असं लिहिलेलं असतं आणि तिथे बहुधा "नन" असतं. सगळी गंमत या एका शब्दात आहे! "नन" काढून आपली ओसरी निवडावी. फाइल बंद करून पुन्हा उघडावी, कारण हा बदल पुन्हा उघडल्यावरच दिसतो.

एवढं झालं की फाइल उघडताच गटाचं नाव आणि मराठीतली पाच बटणं समोर येतील.

कोरं पान उघडू द्या

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ॲक्सेसमध्ये एक नोंद भरून दुसरीवर गेलं की पहिली आपोआप जतन होते. "जतन करू का?" असं ते विचारत नाही. आता "हप्ता घेतला" हे बटण दाबल्यावर जर जुनी नोंद उघडली आणि एखादीनं कोरं पान समजून त्यावरच रक्कम लिहिली, तर दुसऱ्या कुणाचा तरी जुना हप्ता पुसला जाईल. पुसला गेल्याचा आवाजही होत नाही. वर्षअखेरीला बेरीज जुळत नाही, आणि मग एकमेकींकडे संशयानं बघणं सुरू होतं. पैशापेक्षा ते वाईट.

म्हणून हप्त्याच्या फॉर्मच्या प्रॉपर्टी शीटमध्ये "डेटा एंट्री" पुढे "यस" करावं. मग तो फॉर्म नेहमी कोऱ्या पानावर उघडतो आणि आधीच्या नोंदी तिथे दिसतच नाहीत. जुन्या नोंदी बघण्यासाठी त्याच फॉर्मची एक प्रत काढावी. तिथे "डेटा एंट्री" पुन्हा "नो" करावं, आणि "अलाउ एडिट्स", "अलाउ ॲडिशन्स", "अलाउ डिलीशन्स" या तिन्हींना "नो" म्हणावं. ओसरीवर त्याचं बटण "जुने हप्ते बघा" असं ठेवावं. लिहायचं दार वेगळं आणि बघायचं वेगळं.

ओसरीवर काय दिसू नये

पहिला पडदा सजवायच्या नादात काही जणी थकबाकीदारांची यादीच तिथे लावतात. समोर दिसली की आठवण राहते, असा त्यांचा हेतू. हेतू चांगला, पण जरा विचार करा. सभा कुणाच्या तरी बैठकीत होते. कॉम्प्युटर दिवाणखान्यात असतो. चहा घेऊन सासूबाई येतात, शेजारचे भावजी डोकावतात. एखादीनं मुलाच्या फीसाठी गटातून कर्ज घेतलेलं असतं आणि घरी ते सगळ्यांना ठाऊक असतंच असं नाही. आपल्या लहान गावात एका दुपारी पडद्यावर दिसलेलं नाव संध्याकाळपर्यंत भाजीबाजारात पोचतं. मग ती बाई पुढच्या सभेला येत नाही, आणि हळूहळू गटातूनच जाते.

तेव्हा ओसरीवर नावं नकोत, रकमाही नकोत. फार तर "या महिन्याचे हप्ते बाकी: ३" एवढा आकडा असावा. नावं पाहायची ती आत, कोषाध्यक्षांनी, आणि पडद्याकडे इतरांची पाठ असताना.

झाकणं निराळं, कुलूप निराळं

ओसरी बसली की कोठीचं दार लोटून घ्यावं. त्याच "करंट डेटाबेस" च्या पानावर "डिस्प्ले नॅव्हिगेशन पेन" अशी खूण आहे, ती काढली की डावीकडची यादी जाते. "अलाउ फुल मेनूज" ची खूण काढली की वरच्या बटणांची गर्दी ओसरते. "अलाउ डिफॉल्ट शॉर्टकट मेनूज" काढलं की उजव्या बटणानं येणारी यादी बंद होते. आणि "यूज ॲक्सेस स्पेशल कीज" काढलं नाही, तर एफ ११ ही कळ दाबून डावीकडची यादी पुन्हा कुणीही आणू शकतं, तेव्हा तीही खूण काढावी. मात्र हे सगळं दोन सभा नीट पार पडल्यावर करावं. दार लोटण्याआधी आत काही राहिलं नाही ना, हे आपण बघतोच की.

आता नीट ऐका. इतकं केलं म्हणून हिशेब सुरक्षित झाला असं मुळीच समजू नका. कुणीही शिफ्टची कळ दाबून धरून फाइल उघडली, तर आपली ओसरी, लपवलेल्या याद्या, सगळं बाजूला राहतं आणि थेट कोठी उघडते. ही वाट मुद्दाम ठेवलेली आहे. पुढे आपल्यालाच काही दुरुस्ती करायची झाली तर याच वाटेनं आत जायचं आहे. पण आपल्याला ठाऊक आहे ते दुसऱ्यालाही ठाऊक असणार. ही वाट बंद करायचे उपाय आहेत, पण त्यांच्या नादी लागू नये. जाणकार माणूस त्यातूनही मार्ग काढतो आणि आपणच बाहेर राहण्याचा धोका असतो.

पदर घेतला म्हणजे डबा बंद झाला असं नाही. लपवण्यानं होतं काय, तर चुकून लागणारा हात थांबतो. मुद्दाम घातलेला हात थांबवायला पासवर्डच हवा. त्यासाठी फाइल बंद करून आधी ॲक्सेस उघडावं. "ओपन" मधून "ब्राउझ" करून फाइल निवडावी, पण "ओपन" बटणाच्या शेजारच्या बाणावर दाबून "ओपन एक्सक्लूझिव्ह" घ्यावं. मग "फाइल", "इन्फो" इथे "एन्क्रिप्ट विथ पासवर्ड" मिळेल. पासवर्ड लावल्यावर मजकूर गुप्तलिपीत जातो आणि शिफ्टच्या कळीनंही पासवर्डशिवाय उघडत नाही.

मात्र हा पासवर्ड विसरला तर मायक्रोसॉफ्टही तो परत मिळवून देऊ शकत नाही. म्हणून तो एकीच्या डोक्यात ठेवू नये. कागदावर लिहून, पाकिटात घालून, पाकिटावर अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष दोघींच्या सह्या घेऊन बँकेच्या पासबुकाबरोबर ठेवावा. पदाधिकारी बदलल्या की पासवर्ड बदलावा. आणि कॉम्प्युटरच्या पडद्यालाच चिठ्ठी डकवण्याचा मोह टाळावा!

एवढं जपायचं कशासाठी, असं वाटेल. पण ज्या बाईनं भाजीच्या पैशांतून वाचवून दरमहा दोनशे रुपये दिलेले असतात, तिच्यासाठी ही नोंद हाच पुरावा आहे.

परीक्षा कुणाची?

सगळं तयार झालं की गटातल्या सर्वांत बिचकणाऱ्या मैत्रिणीला खुर्चीवर बसवावं. आपण शेजारी बसावं, हात मांडीवर ठेवून, आणि तोंड मिटून. "अगं, तिथे नाही, इथे दाब" असं एकदाही म्हणू नये. "मी या महिन्याचा हप्ता दिला, लिही बघू" इतकंच सांगावं. तिचा हात जिथे अडेल तिथे आपल्या पडद्याचं काहीतरी चुकलं आहे. शब्द बदलावा, बटण मोठं करावं, क्रम बदलावा. अशा दोन-तीन मैत्रिणी न अडता पार पडल्या की काम झालं. मग दर सभेला लिहायची पाळी बदलती ठेवावी, हळदीकुंकवाच्या तयारीची ठेवतो तशी.

काही शंका

पिवळी पट्टी का येते? फाइल उघडताना वर पिवळी पट्टी येऊन "एनेबल कंटेंट" असं विचारलं जातं. कुठून आलेली फाइल आहे याबद्दलची ती सावधगिरी असते. फाइल आपलीच असेल तर होकार द्यावा, एरवी काही बटणं चालत नाहीत. फाइल कायम एकाच फोल्डरमध्ये ठेवून तो फोल्डर "ट्रस्टेड लोकेशन्स" मध्ये नोंदवला की रोजची कटकट मिटते. व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेल्या अनोळखी फाइलीला मात्र असा होकार कधीही देऊ नये.

दुसऱ्या सभासदाच्या कॉम्प्युटरवर ॲक्सेस नाही, मग? मायक्रोसॉफ्टचं "ॲक्सेस रनटाइम" फुकट मिळतं. त्यात तयार फाइल वापरता येते, पण तिची रचना बदलता येत नाही. डावीकडची यादी तिथे दिसतच नाही, त्यामुळे ओसरी असणं आवश्यकच.

मोबाइलवर चालेल का? नाही. ॲक्सेस फक्त विंडोजच्या कॉम्प्युटरवर चालतं.

पैसे न भरता काही पर्याय? लिबरऑफिसमधलं "बेस" विनामूल्य आहे. तिथेही फॉर्म करता येतात, पण "डिस्प्ले फॉर्म" सारखी सोपी चौकट नाही. फाइल उघडताच फॉर्म यावा म्हणून एक छोटा मॅक्रो लिहून जोडावा लागतो. त्यासाठी जाणकाराची मदत घ्यावी.

जुन्या नोंदी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, त्या नव्या पडद्यावर भलत्याच दिसतात. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. नुसता फॉन्ट बदलून ते होत नाही.

आणि हो, दर सभेनंतर फाइलीची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यावी, नावात तारीख घालावी आणि तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या सभासदाच्या घरी ठेवावा. पाच मिनिटांचं काम आहे. चहाचे कप आत नेण्यापूर्वी उरकून टाकावं.